धानाच्या बांधीतून भयपट: पहिली पटकथा लिहून नोंदवेपर्यंत

नागभीड तालुक्यातल्या एका खेड्यात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, धान खरेदीची नोंदणी, हेच दिवसभर चालतं. सर्व्हर बंद पडला की लोक बाहेर बाकड्यावर बसतात आणि मी मागच्या कॉम्प्युटरवर भयपट लिहितो. 2023 च्या उन्हाळ्यात सुरू केलेली पहिली पटकथा यंदाच्या पावसाळ्यात नोंदणीसकट पूर्ण झाली. या काळात "सर, कुठून सुरुवात करू?" असे निरोप विदर्भातल्या बऱ्याच पोरापोरींनी पाठवले, म्हणून घडलं त्या क्रमानं सगळं लिहून ठेवतो आहे. सिनेमा अजून झालेला नाही, हेही आधीच सांगतो.

मे 2023 मध्ये पुण्याच्या एका सरांचा ऑनलाइन वर्ग लावला. शनिवार-रविवार संध्याकाळी, फी साडेचार हजार. आमच्याकडे उन्हाळ्यात त्याच वेळी लाइट जाते, त्यामुळे अर्धा वर्ग मोबाइलच्या डेटावर आणि केंद्राच्या इन्व्हर्टरवर निघाला. वन-लाइनर (थोडक्यात कथा), स्टेप आउटलाइन (सीनचा क्रमवार आराखडा), बाउंड स्क्रिप्ट (पूर्ण पटकथा), नॅरेशन (निर्मात्याला गोष्ट सांगणं) हे शब्द तिथंच पहिल्यांदा कानावर पडले. वर्ग लावलाच पाहिजे असं नाही. पण मुदतीत पानं द्यायची सवय त्यानं लागते, आणि फी भरलेली असली की माणूस आळस कमी करतो.

पहिला गृहपाठ होता, तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते ते एका पानात लिहा. वर्गातल्या शहरी पोरांनी लिफ्ट, रिकामा फ्लॅट, आरसा असं लिहिलं. मी वाघ लिहिला. ब्रह्मपुरी वनविभागात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. आमच्या गावात वाघ प्रत्यक्ष पाहिलेली माणसं थोडी आहेत, तरी वाघ फिरतो आहे असं कळलं की दिवस मावळायच्या आत गुरं गोठ्यात येतात, मोहफुलं वेचायला बाया घोळक्यानंच जातात आणि एकट्यानं कुणी बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, बसायला जात नाही. सरांनी ते पान वाचून दाखवलं आणि सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: यात वाघ कुठल्या ओळीत आला? कुठल्याच ओळीत आला नव्हता. भयपटाच्या लेखनाबद्दल वर्गात मला जे कळलं, त्यातलं अर्धं तरी त्या संध्याकाळी कळलं.

उरलेलं अर्धं दोन प्रश्नांत होतं, आणि ते आजही मी दर सीनला विचारतो. पहिला प्रश्न: जे काही भयानक आहे, ते काय करू शकतं आणि काय करू शकत नाही? नियम प्रेक्षकाला तोंडानं सांगायची गरज नाही, पण लिहिणाऱ्याच्या वहीत ते पक्के हवेत, नाहीतर शेवटच्या अर्ध्या तासात भुताला काहीही करता येतं आणि प्रेक्षक घाबरणं सोडून देतो. दुसरा प्रश्न: ही माणसं घर सोडून निघून का जात नाहीत? शहरातली कथा लिहिणाऱ्यांची इथं फार तारांबळ उडते. आपल्याकडे उत्तर शेतातच उभं असतं. सोसायटीचं कर्ज आहे, धान निसवलं आहे, रानडुकरं रात्रीतून बांधीची बांधी (बांधी म्हणजे बांधानं वेढलेला धानाचा तुकडा) आडवी करतात. जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीला, जायचं नाही असं ठरवणं परवडतच नाही. त्यात पावसानं ताण दिला आणि कृषिपंपाची लाइन रात्रीची असली, तर मोटार लावायलाही अंधारातच जावं लागतं. माझ्या नायिकेला रात्री तळ्याखालच्या बांधीत नेण्यासाठी मला एकही खोटं कारण रचावं लागलं नाही.

अडचण आली ती मोबाइलच्या टॉर्चची. त्या टॉर्चनं भुताचा धंदा पार बसवला आहे. नेटवर्क नाही हे कारण आता कुणी ऐकून घेत नाही, आणि ते खरंही नाही, आमच्या तळ्याच्या पाळीवर गावापेक्षा चांगली रेंज येते. मग मी उलटं केलं. फोन चालू ठेवला, टॉर्च चालू ठेवला आणि भीती कानात नेली.

हे सुचलं जागलीवर. पोळ्यानंतरच्या दिवसांत शेजारच्या आबाजींसोबत मी त्यांच्या शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) बसायला जाऊ लागलो. लिहायचं म्हणून गेलो हे त्यांना सांगितलं होतं, त्यावर ते बराच वेळ हसले. चौफेर बेडकांचा गलका सुरू होता. मधेच एका बाजूचा आवाज तुटला. आबाजी सरसावून बसले आणि हळूच म्हणाले, "बेडकं चूप झाले का समजाचं गा, कोनीतरी बांधावर हाये." आलं होतं ते त्यांचंच कुत्रं. पण मला पटकथेचा कणा सापडला. बेडकांची शांतता बांधीमागून बांधी ओलांडत जवळ येते, आणि टॉर्चच्या उजेडात बांधावर कुणीच नसतं. यात खर्च शून्य, मेकअप शून्य, व्हीएफएक्स शून्य. नव्या लेखकाच्या भयपटाला निर्माता मिळायचा असेल तर हा हिशेब लिहितानाच करायला हवा. थोडी पात्रं, जवळजवळची ठिकाणं, आणि रात्रीचं शूटिंग महाग पडतं हे लक्षात ठेवून शक्य ते दिवसा. भरदुपारी मे महिन्यात आमच्याकडचे रस्ते जसे ओस पडतात, ते पाहिलेल्या माणसाला दिवसाचा भयपट अवघड वाटू नये.

जागलीवर नेलेल्या माझ्या वहीत नुसते आवाज आहेत. टिटवी कधी ओरडते, रातवा कुठून बोलतो, चितळाचा कॉल आणि वानरांचं खाकरणं यात फरक काय. तुमच्या भागात असेल ते टिपून ठेवा. पटकथेत "भयाण शांतता" असं लिहून साउंडवाल्याला काही मिळत नाही. कुठला आवाज थांबला ते लिहा.

आता पटकथेतल्या ज्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, त्याबद्दल. वर्गातल्या जवळपास प्रत्येक कथेत एक मांत्रिक होता आणि एक बाई होती, जिच्या अंगात काहीतरी होतं. माझ्या वन-लाइनरवरही सूचना आली की मध्यंतरानंतर भूत उतरवण्याचा एक मोठा सीन हवा, पैसा वसूल होतो. मी सेवा केंद्रवाला, कागद वाचायची खोड. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा काढला आणि त्याची अनुसूची वाचली. भूत उतरवण्याच्या बहाण्यानं माणसाला दोरानं किंवा साखळीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं. आपण पडद्यावर थरार म्हणून पाहतो ते बहुतेक सगळं तिथं गुन्हा म्हणून ओळीनं लिहिलेलं आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे, दंड 5 हजार ते 50 हजार. एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हेही त्याच यादीत येतं.

ऑगस्ट 2021 मध्ये आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर चौकात बांधून मारलं होतं. मुंबईच्या लेखकासाठी चेटकीण हे एक पात्र आहे. आमच्याकडे ती गावाच्या टोकाला राहणारी कुणाचीतरी आजी असते, तिला मतदान कार्ड असतं, आणि तिचं निराधार योजनेचं काम माझ्याकडे येतं. गाडगेबाबांच्या विदर्भात, जिथं नागपुरात 1982 साली अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ उभी राहिली, तिथं बसून भुताचा सिनेमा लिहायचा का, असं एका शिक्षक मित्रानं मला तोंडावर विचारलं. मी लिहायचा असंच ठरवलं, पण भीतीचा पत्ता बदलून. माझ्या पटकथेत गाव ज्या बाईकडे बोट दाखवतं, तिच्याच डोळ्यांनी प्रेक्षक सगळं पाहतो. बेडकं चूप होतात ती तिच्या बाजूनं, आणि बांधावरून येणारं काय आहे हे शेवटी कळतं तेव्हा मांत्रिकाचा उपयोग नसतो. याहून जास्त कथा सांगणार नाही. नोंदणी झाली असली तरी.

हा काही नैतिकतेचा पाठ म्हणून केलेला बदल नाही. धुरी देण्याच्या सीनमध्ये प्रेक्षक बाईपासून लांब उभा राहून बघतो, तिथं भीती कमी आणि तमाशा जास्त होतो. तोच सीन दाराच्या आतून लिहिला, बाहेर माणसं जमताहेत, कुणीतरी मिरच्या आणायला पोराला पाठवलं आहे, आणि त्या पोराचा आवाज तिच्या ओळखीचा आहे, तेव्हा वाचून दाखवताना माझा स्वतःचा घसा कोरडा पडला.

त्या हिवाळ्यात मी झाडीपट्टीची नाटकं नव्या नजरेनं पाहिली. बाहेरच्यांसाठी सांगतो, झाडीपट्टी म्हणजे पूर्व विदर्भातला आमचा धानाचा, जंगलाचा पट्टा, आणि वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत कंपन्यांचे दौरे चालतात, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठं पुण्या-मुंबईच्या पेपरांत झाडीपट्टीवर चार ओळी आल्या. मी स्टेजकडे पाठ करून, मंडपाच्या कडेला उभा राहून प्रेक्षक पाहायचो. विनोदी पात्र जाऊन लगेच गंभीर प्रवेश आला की हसलेली माणसं सावरायच्या आत पकडली जातात. ओरडण्यापेक्षा थांबण्यानं पोरं आईच्या शालीत शिरतात. पहाटे दोनला पेंगणारा प्रेक्षक जागा ठेवायचा कसा हे इथल्या नटांइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. एका जुन्या नटाला मी माझे दोन सीन वाचून दाखवले. तो म्हणाला, "सायेब, तुमचं भूत लवकर येते." दोन्ही सीनच्या सुरुवातीची पानं मी वाढवली नाहीत, त्यांतून भूतच काढलं.

पहिला ड्राफ्ट जानेवारी 2024 मध्ये झाला. धान खरेदी केंद्राच्या नोंदणीची गर्दी संपल्यावर पुन्हा हात लावला, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. त्यातलं सांगण्यासारखं फार नाही. खोडलं, लिहिलं.

तांत्रिक बाबतीत मात्र वेळ वाचेल असं काही सांगतो. सीनचं शीर्षक एकाच पद्धतीनं ठेवा: "बाह्य. मामा तलावाची पाळ. रात्र." (मामा तलाव म्हणजे आमच्याकडे जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी, बांधलेलं तळं.) बाकी वर्णन वर्तमानकाळात आणि कॅमेऱ्याला दिसेल किंवा माइकला ऐकू येईल एवढंच. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी कुरियर फॉन्टच्या बारा साइझवर बसवलेला आहे. देवनागरीत तो जुळत नाही. मी मोठ्यानं वाचून, मोबाइलवर वेळ लावून लांबी मोजली. टायपिंग युनिकोडमध्येच करा. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते उघडतच नाही, आणि दुरुस्तीसाठी दर वेळी त्याच्या दुकानात जावं लागतं. पीडीएफ केल्यावर जोडाक्षरं फुटली नाहीत ना हे पानोपान तपासा. हिंदीवाल्यांना पाठवायची असेल तर संवाद रोमन लिपीत मागतात, त्याची वेगळी प्रत करून ठेवलेली बरी.

नोव्हेंबर 2024 मध्ये नोंदणीला लागलो. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, तिच्याकडे पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, पण त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं. अजून काही प्रदर्शित झालेलं नसलं तरी नवख्यांसाठी सभासदत्वाचा वेगळा वर्ग आहे. शुल्क बदलत असतं, त्यामुळे माझा आकडा देत नाही, संस्थेच्या संकेतस्थळावर पाहूनच भरा. सगळं घरबसल्या झालं. एक गोष्ट समजून घ्या: ही नोंद म्हणजे अमुक तारखेला हे लिखाण तुमच्याकडे होतं याचा पुरावा. तो कॉपीराइटचा दाखला नव्हे. सिनेमाचं नावही इथं राखून ठेवता येत नाही, ते निर्माता त्याच्या संघटनेकडे नोंदवतो. त्यामुळे नावावर फार जीव जडवू नका.

कॉपीराइट कार्यालयाचा अर्ज डिसेंबरात भरला. कायद्यानं (1957 चा) लिखाण पूर्ण झालं की हक्क आपोआप तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर नोंदवहीतला उतारा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणून पाचशे रुपये घालवायला हरकत नाही. फॉर्म 14, त्यासोबत तपशिलाची दोन पत्रकं, सहीचा स्कॅन आणि पटकथेची पीडीएफ. "प्रकाशित की अप्रकाशित" या रकान्यात अप्रकाशित लिहायचं. पैसे भरले की डायरी नंबर मिळतो आणि मग तीस दिवस कुणाचा आक्षेप येतो का याची वाट पाहणं बंधनकारक असतं. त्यानंतर तपासणी. या टप्प्याला मुदत अशी नाही. लोकांना "साहेब, दाखला कधी येईल?" या प्रश्नाला मी गेली कित्येक वर्षं "स्टेटस चेक करत राहा" असं उत्तर देत आलो आहे, आता तेच मी स्वतःला रोज सकाळी सांगत होतो. उतारा जुलै 2025 मध्ये मेलवर आला.

नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, हे मात्र पक्कं ध्यानात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. "बेडकं चूप होतात" ही कल्पना माझ्या एकट्याची राहू शकत नाही, मी ती ज्या प्रकारे सीनमध्ये मांडली ती मांडणी माझी. म्हणून मी वर ती बिनधास्त लिहिली. कुणी वापरली तर आबाजींना चहा पाजा.

मधल्या काळात, फेब्रुवारीत, निर्मात्यांसमोर नॅरेशनसाठी मुंबईला बोलावणं आलं. नागपूर–नागभीड ही छोटी रेल्वे 2019 च्या शेवटी रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हापासून आमचं नागपूर एसटीवर. तिथून रात्रीची गाडी, स्लीपर. नॅरेशन म्हणजे पटकथा वाचून दाखवणं नव्हे. कागद खाली ठेवून गोष्ट सांगायची असते, तासाभरात, समोरच्याचा फोन वाजत असताना. आधी आईसमोर आणि केंद्रात बसलेल्या लोकांसमोर सांगून पाहिली होती, त्याचा फायदा झाला.

निर्मात्यांचे प्रश्न लिहून ठेवतो, तुम्हालाही हेच येतील. हे कोकणात नेता येईल का? मराठी भयपट म्हटलं की लाल माती, विहीर आणि वाडा, त्यामुळे हा प्रश्न येणारच. मी म्हटलं, धान कोकणातही आहे, पण आमच्यासारखे मामा तलाव तिथं नाहीत आणि माझी कथा त्या पाळीवर उभी आहे. दुसरा प्रश्न प्रमाणपत्राचा. सिनेमाच्या कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा सिनेमा) चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन वर्ग झाले आहेत. ए (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीचे हक्क विकणं अवघड होतं, म्हणून रक्त कमी करा असं सांगतात. माझ्याकडे रक्त नव्हतंच, तो मुद्दा दोन मिनिटांत संपला. तिसरा प्रश्न बोलीचा. झाडीबोली कुणाला कळेल? यावर एकमत झालं नाही. सध्या नायिका आणि म्हातारी माणसं झाडीबोलीत, सरकारी माणसं प्रमाण मराठीत असं आहे.

एका निर्मात्यानं यंदा ऑगस्टमध्ये ऑप्शन घेतलं, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पटकथेचे हक्क राखून ठेवले. रक्कम लहान आहे, वर्गाची फी, प्रवास आणि झेरॉक्स भागेल एवढी. करार ब्रह्मपुरीच्या एका वकिलांना दाखवला, त्यांनी दोन हजार घेतले आणि सिनेमाचे करार कधी पाहिले नसल्याचं प्रामाणिकपणे सांगून कॉपीराइट कायदा उघडून बसले. त्यातून कळलेलं असं: करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, ते परत येतात. आणि 2012 च्या दुरुस्तीमुळे रॉयल्टीचा हक्क लेखकाला असा सहज सोडून देता येत नाही. "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे" अशी ओळ दिसली की पेन खाली ठेवा आणि मुदत, श्रेयनाम, पुनर्लेखनाचे पैसे यावर बोला. मी बोललो, एक दोन गोष्टी मिळाल्या, एक मिळाली नाही.

आता दिवाळीच्या आत दुसऱ्या भागाचं पुनर्लेखन द्यायचं आहे. निर्मात्याचा माणूस तळं पाहायला येणार आहे आणि त्याला बेडकं ऐकायची आहेत. त्याला कळवलं आहे की पाऊस संपायच्या आत या, नंतर या तलावावर फक्त पंपांच्या मोटारींचा आवाज असतो. नॅरेशन, फॉर्म 14 किंवा पीडीएफमधल्या फुटक्या जोडाक्षरांबद्दल काही अडलं तर विचारा. दुपारी दोन ते चार सहसा सर्व्हर बंद असतो, तेव्हा उत्तर लवकर मिळेल.